दोन विरुद्ध एक

मालनआत्या आतल्या खोलीत एकट्या जायच्या आणि बाहेर येऊन सांगायच्या, "दोन विरुद्ध एक." आणि आम्ही शिकलीसवरली माणसं माना डोलवून घरी जायचो.

वाचणाऱ्याला वाटेल, ही वसाहतच खुळी असणार. म्हणून आधी वसाहतीबद्दल सांगते. येरवड्यात, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमची मैत्री वसाहत आहे. छप्पन्न साली धम्म स्वीकारलेल्या घरांतल्या माणसांनी ती उभी केली. कुणी खडकीच्या कारखान्यात, कुणी टपालात, कुणी रेल्वेत, दोन-चार मास्तर. या लोकांचं देवाशी कधी जमलं नाही, पण घटनेशी फार जमलं. घरांच्या भिंती उभ्या राहण्याआधी त्यांनी वसाहतीची घटना लिहिली. तीत उद्देशिका आहे, कलमं आहेत, आणि आपसातले तंटे आपसातच मिटावेत म्हणून तीन पंच आहेत. हे पंच मरेपर्यंत. त्यांना निवडणूक नाही, मुदत नाही आणि राजीनामाही नाही.

माझे वडील ती घटना लिहिणाऱ्यांत होते. ते म्हणायचे, "ज्याला पुन्हा मतं मागायला दारात यायचंय, तो त्या दारातल्या माणसाविरुद्ध निकाल देईल का?" लहानपणी मला ते अगदी पटायचं. पुढे मी जिल्हा न्यायालयात लघुलेखिका झाले, अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारनं मला शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं, आणि घरी बसल्या बसल्या डोक्यात यायला लागलं की सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाही पासष्टाव्या वर्षी खुर्ची सोडावी लागते, मग आमचेच पंच कोण असे लागून गेलेत?

पंचांची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी समाजमंदिरात तक्रारी ऐकायच्या. दोन्ही बाजू झाल्या की तिघांनी मागच्या छोट्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचं. आत एक टेबल आणि तीन लोखंडी खुर्च्या. खुर्च्यांच्या पायांची रबरं केव्हाच झिजून गेली होती. त्यामुळे निर्णय झाला की शहाबादी फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज यायचा, एकामागून एक, तीनदा. तो आवाज आला की बाहेर माणसं सावरून बसायची. मग निकाल. सगळ्यांचं जमलं असेल तर "एकमतानं", नाहीतर "दोन विरुद्ध एक". तो एक कोण, हे पंचानं पंच असेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, स्वतःच्या लेकरालासुद्धा नाही.

माझ्या आठवणीतले तीन पंच म्हणजे महिपती शिरसाट, तात्याराव भालेराव आणि मालनआत्या. महिपतीकाका खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, आणि बोलणंही तसंच. कुणी फार ताणलं की म्हणायचे, "ने आणि ठेव कपाळावर." तात्याराव शाळामास्तर. कुणाला दुखवायचं म्हटलं तर आधी स्वतःच दुखावल्यासारखे दिसायचे. आणि मालनबाई रणपिसे, म्हणजे सगळ्या वसाहतीच्या आत्या, आणि वसाहतीच्या पहिल्या बाई पंच. त्यांची सगळी नोकरी तुरुंगात महिला शिपाई म्हणून झाली. ठेंगण्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि दाराकडे पाठ करून कधीही बसायच्या नाहीत. कुणाच्या घरी पाहुण्या म्हणून गेल्या तरी आधी खुर्ची फिरवून घ्यायच्या.

न्याय करण्याची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. बायडाबाई आणि तिची जाऊ सामाईक नळावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बेतात आल्या, तेव्हा आत्यांनी पाण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाल्या, "बायडे, तुझ्या जावेचा दिवस सांग. सकाळी उठल्यापासून काय काय करती ती?" बायडाबाईला धड काही सांगता येईना. जावेनं मात्र बायडाबाईची औषधाची वेळसुद्धा सांगितली. पहिलं पाणी जावेला मिळालं. मी न्यायालयात मोठमोठे निकाल टाइप केले आहेत, पण इतका सुटसुटीत एकही नाही.

अशा बाईच्या पोटची उत्कर्षा. तिचं लग्न वसाहतीतच झालं होतं, चार घरं पलीकडे. नवरा अपघातात गेला तेव्हा तिची लेक पूर्वा अंगावर पीत होती. वर्षश्राद्ध वगैरे आमच्यात नसतं, पण वर्ष सरायच्या आत सासऱ्यानं घर मोकळं करून मागितलं. तक्रार पंचांपुढे आली. आईनं लेकीच्या तक्रारीत पंच म्हणून बसू नये, एवढं साधं कलम आमच्या थोर घटनाकारांना सुचलं नव्हतं. आत्या बसल्या. खुर्च्या वाजल्या. महिपतीकाकांनी सांगितलं, "दोन विरुद्ध एक. घर सासऱ्याचं."

उत्कर्षा पोरीला घेऊन वाघोलीला गेली, तिथल्या कॉलेजात नोकरी धरली, आणि त्यानंतर वसाहतीत तिनं पाऊल टाकलं नाही. फोन मात्र करायची. एकदा मी आत्यांकडे बसले असताना तिचा फोन आला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. "आई, एवढंच सांग. तो एक तूच होतीस ना?" आत्या म्हणाल्या, "सांगता येत न्हाय, बाळा." फोन ठेवताना उत्कर्षाचा आवाज निवळला होता. तिनं त्याचा अर्थ हो असाच घेतला, आणि मीही तसाच घेतला. आई ती, दुसरं काय करणार?

पुढे महिपतीकाका गेले. रिकाम्या जागी नवा पंच उरलेल्यांनी एकमतानं नेमायचा असतो, आणि तात्याराव आणि आत्यांचं एका नावावर कधी जमलं नाही. मग कोरोनात तात्याराव गेले. आता आत्यांनी एकट्यानं दोघांना नेमायचं. आम्ही नावं घेऊन गेलो तर त्या म्हणाल्या, "जागा रिकाम्या न्हायत."

आम्हाला वाटलं, वय झालं.

त्यानंतरच्या पहिल्या सुनावणीला एक खिडकीची तक्रार होती. आत्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. बाहेर आम्ही वीसेक जण. लोहगावहून उडालेलं विमान डोक्यावरून गेलं, आमच्याकडे ते जाईपर्यंत बोलायचं नसतं, ऐकूच येत नाही. ते गेलं आणि जी शांतता झाली तीत आतून खुर्ची सरकली. मग दुसरी. मग तिसरी.

कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. दार उघडलं. आत्या दाराला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन विरुद्ध एक. खिडकी राहील."

आता आमची वसाहत बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली. भूत, आत्मा, भानामती यांना आमच्या वेशीच्या आत जागा नाही. मी स्वतः शेजारच्या गल्लीत अंगात येणाऱ्या बाईला ग्लासभर गार पाणी तोंडावर मारून शुद्धीवर आणलेलं आहे. त्यामुळे मी स्वतःला समजावलं की बाई एकटी आहे, रीत मोडायला नको म्हणून तीनही खुर्च्या सरकवत असेल. पण एका खुर्चीवरून दुसरीकडे जायला आत्यांना टेबलाला वळसा घालावा लागायचा, आणि त्यांच्या गुडघ्यांना दोन पावलं टाकायला किती वेळ लागतो हे मी रोज बघत होते. आवाज तर एकावर एक आले होते. मी तो विचार तिथेच सोडून दिला आणि घरी जाऊन भाजी निवडायला बसले. निवडलेली पानं केरात आणि देठं ताटात टाकत होते, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

पुढे हे दर महिन्याला व्हायला लागलं. आत तीन कप चहा जायचा आणि तिन्ही कप रिकामे यायचे. एकदा प्रज्ञेशच्या गाडीची तक्रार होती. हा आमच्या वसाहतीचा आयटीवाला, गाडी कुणाच्याही दारात लावायचा. निकाल त्याच्या विरुद्ध गेला. आत्यांनी निकाल सांगितला आणि वर त्याला म्हणाल्या, "ने आणि ठेव कपाळावर." आवाज आत्यांचाच होता. पण आत्या असं कधी बोलत नसत, आणि ते म्हणताना त्यांनी महिपतीकाकांसारखी मान झटकली. मागच्या रांगेत महिपतीकाकांचा मुलगा सुदर्शन बसला होता. तो उठून बाहेर गेला आणि चप्पल न घालताच घरी गेला.

प्रज्ञेश मला नंतर म्हणाला, "मावशी, धिस इज टू मच. मला जिवंत माणसानं हरवलं तर ठीक आहे, मी अक्सेप्ट करीन. मेलेली माणसं व्होट करतायत आपल्याकडे."

"मेलेली माणसं मत देतात हे काय तू आज ऐकतोयस?" मी म्हटलं. पण विनोद करून अंगावरचा काटा जात नव्हता.

मग मी सरळ आत्यांकडे गेले. दुपारची वेळ, त्या दाराकडे तोंड करून शेंगा सोलत होत्या.

"आत्या, आत तुम्ही एकट्याच असता ना?"

"मग?"

"मग दोन विरुद्ध एक कसं होतं?"

त्यांनी हातातली शेंग फोडली. "आमचं तिघांचं कधी जुळलंय का, शैले? तात्याराव आता लई कमी बोलतात. पण बोलले की ऐकावं लागतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी कितीदा म्हटलं, आता जावा तुम्ही. पण जाणार कुठं? मुदतच न्हाय ना लिहिली. जन्मठेपवाल्यालासुद्धा माफी मिळती. कागद येतो, फाटक उघडतं, चालायला लागतो. आम्हा तिघांचा कागदच न्हाय."

ते ऐकून मला खूप वाईट वाटलं. भीती होतीच, पण वाईट जास्त वाटलं. त्याच आठवड्यात उत्कर्षाचा मला फोन आला होता. तिच्या हृदयात स्टेंट घातला होता. पूर्वा नोकरीला हैदराबादला, डॉक्टर म्हणत होते एकटं राहू नका. "शैलामावशी, आईला पाठवा ना माझ्याकडे. आता दोघींनी एकमेकींना बघायचं." पण पंचानं वसाहतीबाहेर राहायचं नाही, हेही कलम होतं. म्हणजे म्हातारीला लेकीकडे जाता येईना आणि लेकीला तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळेना. दोन्हीला कारण एकच, ती मरेपर्यंतची खुर्ची. मी ठरवलं, घटनादुरुस्ती करायची. आत्यांना मोकळं करायचं आणि लेकीला एवढं ऐकू द्यायचं की आई तिच्या बाजूनं होती.

मसुदा मी केला. पंचांची मुदत सात वर्षं, पुन्हा उभं राहायचं नाही, म्हणजे मतं मागायला दारात जायचाही प्रश्न नाही. वडिलांचा मुद्दा मी असा राखला. आणि शेवटी एक वाक्य घातलं: "आजवर नेमलेल्या सर्व पंचांची मुदत, ते हयात असोत वा नसोत, या दुरुस्तीबरोबर संपेल." ते लिहिताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे फक्त फ्रिज होता.

सर्वसाधारण सभा झाली. प्रज्ञेशनं उभं राहून सांगितलं की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही न्यायाधीश मरेपर्यंत असतात आणि तिथंही आता मुदत घालायची चर्चा चालू आहे. "मग त्यांचं होईपर्यंत थांबायचं का आपण?" मागून कुणीतरी विचारलं. हशा झाला. हात वर झाले. दुरुस्ती मंजूर झाली. फक्त एक पायरी उरली होती. पंचांना हात लावणाऱ्या दुरुस्तीला पंचांच्या बहुमताची संमती लागते.

"म्हणजे मालनआजींची सही," प्रज्ञेश म्हणाला.

आत्या कोपऱ्यात बसल्या होत्या. "तिघांपैकी दोघं लागतात," त्या म्हणाल्या आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. दार लागलं.

मी न्यायालयात कितीतरी निकालांची वाट पाहिलेली बाई आहे, पण त्या दुपारसारखी वाट कधी पाहिली नाही. विमानं येऊन गेली. पोरं कंटाळून बाहेर गेली. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी दाराजवळ बसलेल्यांना सारखं वाटत होतं की आत बोलणं चाललं आहे. महिपतीकाकांचा सुदर्शन माझ्या शेजारी बसला होता; वडिलांना तो दादा म्हणायचा. तो हळूच म्हणाला, "दादा चिडलेत." मी त्याला गप्प बस म्हटलं नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. एकदा आत्यांचं रडणं ऐकू आल्यासारखं झालं. मी उठले, पण दाराला हात लावायचा धीर झाला नाही.

मग खुर्ची सरकली. मग दुसरी. बराच वेळ काही नाही. तिसरी खुर्ची सरकली ती फार सावकाश, उठायचं नसलेल्या माणसानं उठावं तशी.

आत्या बाहेर आल्या. डोळे लाल होते. "दोन विरुद्ध एक," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती मान्य."

टाळ्या वाजल्या. मला वाटलं, सुटली बिचारी.

त्याच संध्याकाळी मी त्यांना रिक्षानं वाघोलीला घेऊन निघाले. सामान म्हणजे एक पिशवी. रिक्षात आम्ही दोघीच होतो, तरी त्या मला "जरा सरक, जरा सरक" म्हणत इतकं दाबून बसल्या की माझं एक पाऊल बाहेर आलं. मी पलीकडे पाहिलं. त्यांच्या बाजूला चांगली ऐसपैस जागा होती, आणि त्या तिकडे एकदाही टेकल्या नाहीत. नगर रस्त्याच्या गर्दीत आम्ही तासभर तशाच बसलो. एरवी मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी दांडा धरला आणि आणखी सरकून बसले.

उत्कर्षा दारातच उभी होती. वाळली होती, पण हसत होती. आईला मिठी मारून तिनं आत नेलं, जेवणाच्या टेबलाशी बसवलं. आत्यांनी सवयीनं खुर्ची दाराकडे फिरवून घेतली. पिशवी उंबऱ्याशीच राहिली.

"आता पंच नाहीस ना तू?" उत्कर्षानं पाण्याचा पेला पुढे करत विचारलं. "आता सांग. मला माहितेय, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझ्या वेळी तो एक कोण होता?"

मी आत्यांकडे हसून पाहिलं. त्या पेल्याकडे बघत होत्या.

"तात्याराव," त्या म्हणाल्या.

उत्कर्षाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त तिथेच थांबलं. "म्हणजे?"

"तात्याराव तुझ्या बाजूनं होते. महिपती म्हणाले, मालनबाई म्हणतील तसं. मीच म्हटलं, घर सासऱ्याचं." त्यांचा आवाज अगदी कोरडा होता, हजेरी घेताना असावा तसा. "लोक म्हणाले असते, लेकीकडं झुकली. मला त्याची भीती वाटली. तू दर वेळी विचारायचीस आन मी म्हणायचे, सांगता येत न्हाय. बरं होतं मला ते."

टेबलावर पंख्याचा वारा येत होता.

"आणि आज?" मी विचारलं. "आज विरोधात कोण होतं, आत्या?"

"मीच. मी त्यांना हात जोडले. म्हटलं, मला राहू द्या पंच, मरेपर्यंत राहू द्या. महिपती लई बोलले. तात्याराव एवढंच म्हणाले, पोरगी वाट बघतीय."

आणि तेव्हा, त्या चकचकीत फरशीच्या घरात, जिथं एकही लोखंडी खुर्ची नव्हती, आम्हा तिघींपैकी कुणीही हललं नव्हतं, लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज आला. एक. मग दुसरा.

तिसऱ्याची मी वाट पाहत राहिले. तो आला नाही.

उत्कर्षानंही ते ऐकलं होतं. ती उठली, दारापर्यंत गेली, दार पूर्ण उघडलं आणि बाजूला होऊन धरून उभी राहिली, वडीलधारे पाहुणे निघाले की उभं राहतात तशी. तिची मान थोडी खाली होती. आत्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले. जिन्यातला दिवा आपोआप लागणारा होता. तो लागला, आणि काही वेळानं विझला.

उत्कर्षानं दार लावलं. उंबऱ्याशी पडलेली आईची पिशवी तिनं उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, आता ही म्हणणार की घेऊन जा हिला.

"आज मी तुझ्याशी काही बोलणार नाही, आई," ती म्हणाली. "उद्याही बहुतेक नाही."

मग ती पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेली, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.